हटा, पटा, जटा: दोन ओळींचं माप काढताना

छोटी कविता समोर आली की हात आधी वृत्ताच्या नावाकडे धावतो. चाल ओळखीची वाटली की लगेच ‘भुजंगप्रयात’ किंवा ‘पादाकुलक’ असं पानाच्या समासात लिहून मोकळं व्हायचं आणि मग अक्षरं त्या नावात बसवायची. हा उलटा कारभार. नाव सगळ्यात शेवटी येतं. आधी पाठ पक्का करायचा, मग लघु-गुरू, मग बेरीज, मग तुकडे, मग यमक. या क्रमाने गेलं तर चार ओळींना साधारण तासभर पुरतो. क्रम मोडला तर अख्खी दुपार जाते आणि तरी उत्तर चुकतं.

सामान फारसं लागत नाही. आमच्या सोलापूरच्या नव्या पेठेत कुठल्याही दुकानात मिळणारी गणिताची चौकडीची वही, पेन्सिल, खोडरबर. एका चौकोनात एकच अक्षर. जोडाक्षर कितीही गुंतागुंतीचं असलं तरी ते एकच अक्षर, एकच चौकोन: ‘ध्या’ एक, ‘र्या’ एक. खालच्या रांगेत लघूला अर्धचंद्र, गुरूला आडवी रेघ, आणि त्याखाली मात्रा, म्हणजे उच्चाराचं माप: लघूला १, गुरूला २. इथे लिहिताना मी लघूला ‘ल’ आणि गुरूला ‘गा’ म्हणतो.

नियम शाळेतलेच. अ, इ, उ, ऋ आणि त्यांच्या बाराखडीतली अक्षरं लघु. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ गुरू. स्पष्ट उच्चारलेला अनुस्वार किंवा विसर्ग असेल तर गुरू. पुढच्या जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर आला तर ते गुरू. अक्षरगणवृत्तात ओळीच्या शेवटचं लघु अक्षर गरजेप्रमाणे गुरू धरतात. एवढ्यावर नव्वद टक्के काम व्हायला हवं. होत नाही, कारण ‘आघात आला तर’ या तीन शब्दांकडे कुणी बघत नाही. जोडाक्षर दिसलं की मागचं अक्षर डोळे झाकून गुरू करतात. ‘सत्य’मधला स गुरू, ‘विठ्ठल’मधला वि गुरू, इथवर ठीक. पण ‘तुझ्या’, ‘पुन्हा’, ‘जुन्या’, ‘तळ्यात’ यांतली पहिली अक्षरं मराठीत लघूच राहतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एकापाठोपाठ म्हणून बघा. समुद्राच्या दर्यात द वर जोर पडतो, डोंगरातल्या दऱ्यांत पडत नाही. पहिला द दोन मात्रांचा, दुसरा एकीचा. शंका आली की हीच जोडी म्हणायची आणि आपला शब्द कुणासारखा वाजतो ते ऐकायचं.

दुसरा खड्डा न उच्चारलेल्या ‘अ’चा. बोलताना आपण ‘घर’चा र पाय मोडल्यासारखा म्हणतो, पण वृत्तात तो पुरा लघु आहे. आठवण, सावली, करमत यांच्या मधल्या अक्षरांनाही हेच लागू. सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुलं इथे बरेचदा कमी चुकतात, कारण त्या भाषांत शब्दाच्या शेवटचा स्वर पुरा म्हणायची जिभेला सवय असते. मराठी घरातल्या मुलाला ‘र’ पुरा म्हणायला लावलं की त्याला ते कीर्तनकारासारखं वाटतं. वाटू द्यावं. माप घेताना तसंच म्हणायचं असतं.

तिसरा खड्डा जुन्या छपाईतल्या अनुस्वारांचा. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, पण जुन्या पुस्तकांत ‘हंसला’ असं छापलेलं सापडतं. तो आपला ‘हसला’च. तिथला ह लघु. ‘हंस’ पक्ष्याचा ह मात्र गुरू.

आपला हात नीट बसला की नाही हे तपासायला मी एक जुनी आर्या वापरतो: ‘सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची । ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंतांची’. आर्येचा हा गीती नावाचा प्रकार, प्रत्येक ओळीत १२ आणि १८ मात्रा. मांडून बघा: सु २, श्लो २, क १, वा २, म १, ना २, चा २, झाल्या १२. अ १, भं २, ग १, वा २, णी २, प्र १, सि २, द्ध १, तु १, क १, या २, ची २, झाल्या १८. दुसरी ओळ सोपी आहे, तीही १२ आणि १८. कुणाच्या ११ येतात, त्याने ‘सुश्लोक’चा सु लघु धरलेला असतो. दुसऱ्या भागात १७ आल्या तर ‘प्रसिद्ध’चा सि तपासावा. हे उत्तर येईपर्यंत पुढच्या कवितेला हात लावू नये.

आता सरावासाठी मुद्दाम रचलेला एक श्लोक घेऊ. काव्य म्हणून त्याची थोरवी काही नाही.

उन्हाळा कडाडे तळ्याच्या किनारी
विसाव्यास आली गुरे ही दुपारी
कुठे माग वाजे, कुठे हाक येते
जुन्या आठवणींना हवा दूर नेते

पहिली ओळ चौकोनांत घाला. उ-न्हा-ळा: ‘न्हा’चा आघात उ वर नाही, म्हणून ल गा गा. क-डा-डे, ल गा गा. त-ळ्या-च्या, ल गा गा. कि-ना-री, ल गा गा. बारा अक्षरं, वीस मात्रा. ‘उ’ आणि ‘त’ गुरू धरणाऱ्याला इथे मगण, यगण, मगण, यगण अशी खिचडी मिळते आणि तो कवीला दोष देतो. गण म्हणजे तीन अक्षरांचा गट. तो ओळखायला ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र पुरतं: हव्या त्या अक्षरापासून तीन अक्षरं घेतली की त्या गणाचा आकार मिळतो. ‘यमाता’ म्हणजे ल गा गा, यगण. चार यगण म्हणजे भुजंगप्रयात, मनाच्या श्लोकांचं वृत्त. ‘गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा’ सोबत म्हणून बघितलं की कान पटकन होकार देतो. पण होकार मागायचा तो मांडणी झाल्यावर.

दुसऱ्या ओळीत गण शब्दांच्या मधून कापतो: ‘वि-सा-व्या’, ‘स-आ-ली’, ‘गु-रे-ही’, ‘दु-पा-री’. नवख्यांची समजूत असते की गण आणि शब्द एकाच जागी संपतात. तसं काही बंधन नाही. उलट पहिल्या ओळीत चारही गण चार शब्दांवर संपतात म्हणून ती ओळ टांग्याच्या घोड्यासारखी टाप टाप चालते. ‘विसाव्यास आली’ या ओळीत शब्द गणाच्या सीमेवरून पुढे जातो आणि चाल मोकळी होते. वृत्त दोन्हीकडे तेच, फरक शब्दांच्या जोडावर आहे, आणि विश्लेषणात खरं लिहिण्यासारखं काही असेल तर ते हे. नुसतं ‘य य य य’ लिहिणं म्हणजे शिंप्याने मापं घेऊन कापड परत देणं.

चौथ्या ओळीत खोट आहे. मोठ्याने भरभर वाचली तर ती खपून जाते, कारण बोलताना आपण ‘आठवणींना’ आवळून म्हणतो. वहीत मात्र जु, न्या, आ, ठ, व, णीं, ना, ह, वा, दू, र, ने, ते अशी तेरा अक्षरं आणि २१ मात्रा होतात. दुसरा गण ‘ठ-व-णीं’, म्हणजे ल ल गा. यगणाच्या जागी सगण येऊन बसला. ‘आठवांना’ केलं की ठ-वां-ना, ल गा गा, वीस मात्रा, वृत्त दुरुस्त. पण ‘आठव’ हा शब्द आता फक्त कवितेतच राहिला आहे, त्याला शिळा वास येतो. ‘जुने बोल सारे हवा दूर नेते’ हेही मापात बसतं, तिथे ‘सारे’ नुसतं भरीला आलंय. अशी जागा सापडली की टिपणात दोन्ही गोष्टी लिहाव्यात: वृत्त कुठे मोडलं, आणि ते सांधायला काय किंमत पडते.

श्लोकाचं यमक सरळ आहे. यमक शेवटून मागे मोजायचं. ‘किनारी–दुपारी’त शेवटचं ‘री’ जुळतं आणि त्याआधीचा ‘आ’ही जुळतो. ‘येते–नेते’त ‘ते’ आणि आधीचा ‘ए’. शेवटचं अक्षर आणि त्याआधीचा स्वर, एवढं जुळलं की मराठी कानाला यमक पुरं वाटतं. नुसतं शेवटचं अक्षर जुळलं तर ते सैल.

आता खरा माल. सोलापूरच्या शाहीर रामजोशांच्या उपदेशपर लावणीचं हे ध्रुवपद, म्हणजे पालुपद:

हटातटानें पटा रंगवुनि जटा धरिशि कां शिरीं
मठाची उठाठेव कां तरी

पहिली अडचण पाठाची. आजच्या वळणाच्या छपाईत ‘रंगवुनी’, ‘धरिशी’ असं आढळतं. केशवसुतांच्या आधीचं पद्य मुळाबरहुकूम छापावं असं मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांतच आहे, तरी लोक सवयीने शेवटचा स्वर दीर्घ करून टाकतात. वाचायला काही बिघडत नाही, मोजायला बिघडतं. मग कुठला पाठ धरायचा? दोन्ही मांडायचे.

ह १, टा २, त १, टा २, नें २, झाल्या आठ. प १, टा २, रं २, ग १, वु १, नि १, आठ. ज १, टा २, ध १, रि १, शि १, कां २, आठ. शि १, रीं २, तीन. एकूण ८+८+८+३, म्हणजे २७. ‘रंगवुनी’ आणि ‘धरिशी’ धरलं तर मधले दोन तुकडे नऊ-नऊ होतात आणि बेरीज २९. आता पुढची मोठी ओळ घ्या: ‘वनांत अथवा जनांत हो कां मनांत व्हावें परी’. व १, नां २, त १, अ १, थ १, वा २, आठ. ज १, नां २, त १, हो २, कां २, आठ. म १, नां २, त १, व्हा २, वें २, आठ. परी, तीन. पुन्हा ८+८+८+३. दुसरी ओळ पहिलीची साक्ष देते, आणि ऱ्हस्व पाठ मूळचा असणार हे कुणा जाणकाराचं नाव न घेता ठरतं. एकाच ओळीवरून पाठ ठरवू नये तो यासाठी. दुसऱ्या ओळीत स्वर ऱ्हस्व-दीर्घ करण्याची गरजच पडत नाही.

इथेच थांबणारे बरेच. आणखी एक पाऊल टाकून आठाच्या आत बघावं. हटा ३, तटा ३, नें २. पटा ३, रंग ३, वुनि २. जटा ३, धरिशि ३, कां २. वनां ३, तअथ ३, वा २. जनां ३, तहो ३, कां २. मनां ३, तव्हा ३, वें २. प्रत्येक आठ ३+३+२ असा तुटतो, एकही अपवाद नाही. धाकटी ओळ १६ मात्रांची: मठा ३, चीउ ३, ठा २, ठेव ३, कांत ३, री २. तीही त्याच पावलाने. ‘धरिशी’ केलं की दुसरा तुकडा चार मात्रांचा होतो आणि पाऊल नेमकं तिथे अडखळतं. नुसत्या ‘२७ की २९’ या बेरजेपेक्षा ही खूण जास्त भरवशाची.

शेवटच्या ‘शिरीं’च्या तीन मात्रांचं काय? तो तुकडा अपुरा नाही. तालावर म्हणताना ‘रीं’ लांबतो, ठेका भरून निघतो आणि मग ‘मठाची’ उचलता येतं. म्हणून मी गाऊन मोजू देत नाही. गळा अपुऱ्या मात्रा भरतो आणि जास्तीच्या गिळतो. आधी सपाट आवाजात अक्षरं म्हणायची, चाल नंतर.

आता यमक. शेवटी ‘शिरीं–तरी’, फक्त ‘री’ जुळतं, आधीचा स्वर इ आणि अ. म्हणजे वरच्या कसोटीवर सैल. ‘तरी–परी’ मात्र पक्कं. हे लिहून पुढे गेलं तर लावणीतली खरी कारागिरी हातातून निसटते, कारण या ओळींचं यमक शेवटी नाहीच, सुरुवातीला आहे. हटा, पटा, जटा. वनां, जनां, मनां. प्रत्येक आठाच्या तोंडाशी दोन अक्षरं, त्यांतलं पहिलं बदलतं आणि दुसरं तेच राहतं. तुकडा कुठे सुरू होतो हे यमकच सांगतं, यतीची, म्हणजे विरामाची, खूण वेगळी शोधावी लागत नाही. पहिल्या ओळीत ‘टा’ चारदा आहे, कारण ‘हटातटा’ या एका तुकड्यातच दोनदा. धाकट्या ओळीत ट चा ठ होतो: मठा, उठा, ठेव. ठ तीनदा. त्यातला ‘ठेव’चा ठे नेमका दुसऱ्या आठाच्या पहिल्या मात्रेवर पडतो, म्हणजे ‘उठाठेव’ हा शब्द ठेक्यावर मधोमध तुटतो. उठाठेवीची टर उडवायची तर तो शब्द असा धसमुसळा पडणंच शोभतं. हे माझं मत. मात्रा मात्र कुणीही मोजून घ्याव्यात.

दुसऱ्या अक्षराचा हा जुळारा पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या, घरातल्या श्रोत्याला आपल्यापेक्षा आधी कळतो. तेलुगू आणि जुन्या कन्नड पद्यात ओळींच्या दुसऱ्या अक्षराचा प्रास हा नेमच आहे. तिथे तो प्रत्येक ओळीच्या आरंभी येतो, इथे एकाच ओळीच्या तुकड्यांत. रामजोशांनी तो तिकडून उचलला असं म्हणायला वेगळा पुरावा लागेल, नुसत्या साम्यावर तसं लिहू नये. पण टिपणात ‘अनुप्रास’ असा एकच शब्द टाकून सुटकाही करून घेऊ नये. अनुप्रास कुठेही येतो. हा ठरलेल्या जागी येतो.

जाता जाता बोलीचं. सोलापुरी ‘करूलालास’ (करतो आहेस) मोजलं तर क १, रू २, ला २, ला २, स १, बरोबर आठ. हौशी कवी खूश होतात आणि लावणीच्या चालीत घालतात. पण ते ३+२+३ असं तुटतं, करू, ला, लास. बेरीज जुळली तरी पाऊल चुकतं. भुजंगप्रयातात तर ते शिरतच नाही: ‘करूला’ यगण झाला की पुढे लघु हवा आणि येतो ‘ला’.

अभंगाला ही सगळी हत्यारं बाजूला ठेवायची. आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरीच्या विठोबाचं ‘सुंदर तें ध्यान उभें विटेवरी । कर कटावरी ठेवोनियां’ घ्या. अक्षरं ६, ६, ६, ४. मात्रा मोजल्या तर पहिल्या तीन चरणांत ९, ९, ८. अक्षरं समान आणि मात्रा असमान, म्हणजे हा अक्षरछंद. लघु-गुरू लावत बसू नये. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं, विटेवरी–कटावरी. चौथा चरण मोकळा. हा मोठा अभंग. आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक असेल तर छोटा. इथे नेहमीची चूक म्हणजे यमक ओळीच्या शेवटी शोधणं. ‘ठेवोनियां’ला जोडीदार सापडत नाही म्हणून काही जण ‘निर्यमक’ लिहून टाकतात.

वृत्ताचा प्रकार ठरवायचा तो असा. लघु-गुरूंचा क्रम सगळ्या ओळींत तोच असेल तर अक्षरगणवृत्त. क्रम वेगळा, पण मात्रांची बेरीज आणि तुकडे तेच असतील तर मात्रावृत्त. फक्त अक्षरसंख्या जुळत असेल तर छंद. काहीच जुळत नसेल तर मुक्तछंद, किंवा चुकलेली कविता. या दोहोंतला फरक बेरजेने कळत नाही. मुक्तछंद नवा, अशीही एक समजूत आहे. बाराव्या शतकात सोलापुरातच सिद्धरामेश्वरांनी कन्नडात वचनं रचली, आणि वचनाला वृत्ताचं बंधन नसतंच.

वृत्त ही एक गोष्ट, रचनाबंध दुसरी. चौदा ओळी दिसल्या म्हणून सुनीत (सॉनेट) होत नाही, आठव्या किंवा बाराव्या ओळीनंतर विचाराला वळण आहे का ते बघायचं. गझलेत आधी मतला, म्हणजे पहिला शेर, बघायचा: दोन्ही ओळींच्या शेवटी तेच शब्द आले की तो रदीफ, त्याआधीचं यमक म्हणजे काफिया. काफिया ठरवण्याआधी दोन-तीन शेर बघावेत, कारण कधी कधी मतल्यात योगायोगाने जास्तीचं अक्षर जुळलेलं असतं. लावणीत ध्रुवपद वेगळं, कडवं वेगळं. कडव्याच्या ओळींचं माप ध्रुवपदाहून निराळं असू शकतं, म्हणून ध्रुवपदाचं उत्तर अख्ख्या रचनेला चिकटवू नये. वर मी मोजलं ते ध्रुवपद आणि त्याच मापाची एक ओळ, एवढंच.

टिपण लिहिताना मी हाच क्रम ठेवतो. पाठ: ‘रंगवुनि’, ‘धरिशि’ ऱ्हस्व धरले, आधार, ‘वनांत अथवा’ ही ओळ. माप: २७ आणि १६ मात्रा, मोठी ओळ ८+८+८+३, धाकटी ८+८. ठेका: ३+३+२ अखंड. यमक: शेवटी शिरीं–तरी, सैल, तुकड्यांच्या आरंभी हटा, पटा, जटा, दुसऱ्या अक्षराचं. नाद: ट चार, ठ तीन. रचनाबंध: लावणीचं ध्रुवपद, मोठ्या ओळीला आखूड जोड. वृत्ताच्या नावाची रांग मी इथे कोरीच सोडतो. कडव्यांची मोजणी झाल्याशिवाय ती भरण्यात अर्थ नाही.